रजईतलं चित्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, छापखान्यात रंग जुळवणाऱ्या कारागिराची विधवा, हे मृत्युपत्र स्वखुशीनं, कुणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवते. गुडघ्यांनी साथ सोडली आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर माझ्या एकुलत्या मुलीला. जावईबापूंनी ते विकण्याची घाई करू नये. माझा खोकला वाढला की ते खोल्यांची मापं घ्यायला लागतात, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

२. बँकेतल्या ठेवीतून आधी औषधपाण्याची बिलं भागवावीत. उरेल ते नातीच्या शिक्षणाला.

३. यजमानांचं भिंग आणि शाई कालवायच्या सुऱ्या छापखान्यातल्या त्यांच्या जोडीदाराला. आगीनंतरही आमचा उंबरा ओलांडणारा तो एकटाच.

४. शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे आमची शिडी आहे. ती त्यांनी खुशाल ठेवून घ्यावी. माझ्या अंत्ययात्रेला मात्र येऊ नये. कारण पुढच्या कलमात आहे.

५. दिवाणखान्यातलं चित्र. एका आधुनिक अमेरिकन चित्रकारानं कागद फाडून, चिकटवून केलेल्या कोलाजची ही छापील प्रत. मोजक्याच प्रती काढल्या होत्या. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं प्रतीचा क्रमांक, उजवीकडे त्याची स्वतःची सही. वर्तमानपत्राची फाटकी पट्टी, अर्धी खुर्ची आणि एक निळा तुकडा. त्या निळ्यासाठीच यजमानांनी ते घेतलं. "असा निळा मला जन्मात जमला नाही," म्हणायचे. धाकटे दीर चिडवायचे, "दादा, घरची रद्दी दिली असती, तिलाच काच लावायचीस."

आम्ही दोघी जावा आणि दोघे भाऊ तेव्हा जुन्या घरात एकत्र राहत होतो. घराचं रंगकाम काढलं होतं. चित्रावर शिंतोडे उडू नयेत म्हणून यांनी ते रजईत गुंडाळून मागच्या खोलीत, पलंगाला टेकवून ठेवलं. दुपारी दिरांना कणकण वाटली. गोळी घेऊन ते त्याच पलंगावर झोपले. पुढच्या खोलीत वायरीची ठिणगी पडली आणि थिनरच्या डब्यांनी पेट घेतला. मी मुलीला घेऊन बाहेर पडले. हे भावासाठी आत गेले.

धुरात डोळ्यांसमोरचं दिसत नव्हतं. पलंगापाशी रजई हाताला लागली, आत जड काहीतरी. भाऊ खाली कोसळलाय असं समजून यांनी ती कवटाळली आणि फरफटत रस्त्यावर आणली. तिथं सोडून पाहिली. काचेला तडासुद्धा गेला नव्हता.

हे परत धावले, पण तोवर छत खाली आलं होतं. चार जणांनी यांना धरून ठेवलं. जाऊ शाळेत शिकवायची. ती धावत आली तेव्हा चित्र भिंतीला टेकलेलं होतं आणि हे त्याच्याशेजारी बसले होते. मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ गेला, पण माल वाचवला."

जाऊ माहेरी गेली ती परत आली नाही. त्याच गल्लीतल्या या नव्या घरात यांनी स्वतःच्या हातानं ते चित्र दिवाणखान्यात, जेवायच्या जागेसमोर लावलं. मी काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे. मला बघू दे." खरं काय ते सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. हे जाऊनही आता वर्षं झाली. मेलेल्या माणसाची शपथ मी किती दिवस सांभाळू? काल जावेला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, "ताई, दादांनी मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, ऐकून ती मला माफ करेल. ते मला सोसणार नाही."

तिनं उठून चित्राच्या काचेवर हात ठेवला. मग म्हणाली, "मी माफ केलं नसतं. पण इतकी वर्षं एकटीनं रडलेही नसते."

मसुद्यात मी चित्र तिला लिहिलं होतं. ठेवावं, विकावं, जाळावं, तिची मर्जी. आज वकिलांनी वाचून दाखवताना सांगितलं, की ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर त्याचा हक्क जातो. जाऊ खुर्ची ओढून पुढं आली. "मग मला काही देऊ नका. पेन द्या."

सबब चित्र विकून येईल ती रक्कम रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या विभागाला द्यावी. या कलमात कुणीही बदल मागू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

स्थळ : राहतं घर, दिवाणखाना
दिनांक : महिन्याचा दुसरा मंगळवार

सही : मृत्युपत्र करणारी, थोरली जाऊ

साक्षीदार
१. वकिलांचे कारकून (सही)
२. धाकटी जाऊ (सही). सहीखाली तिच्याच अक्षरात : "कलम पाच मी ऐकलं. ते खरं आहे असं मी मानते."