शेवटच्या रांगेतली टाळी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

"तुझ्यात ताल नाही गं पोरी, पण त्यानं कुणाचं काही अडत नाही."

बाबा म्हणाले होते. मी आठ वर्षांची. रिकाम्या नाट्यगृहात सकाळची तालीम चाललेली, बाबा रंगमंचावर ड्रम्सच्या मागे, आणि मी खाली बसून टाळ्या वाजवत होते. सगळा वाद्यवृंद हसला. मग बाबा खाली आले, डोक्यावर हात ठेवला आणि हे वाक्य बोलले. प्रेमानंच बोलले. म्हणून तर इतकं खोल गेलं. एकोणचाळीस वर्षं झाली, चारचौघांत मी टाळी वाजवत नाही. कुणाच्या वाढदिवसालाही नुसते तळहात जवळ नेते— आवाज होऊ देत नाही!

आज आठवलं, कारण बाहेरच्या खोलीत धाकट्या भावानं पाठवलेले ड्रम्स उभे आहेत. ड्रम्स म्हणायचं इतकंच. लोखंडी सांगाड्यावर काळ्या रबराच्या पाच-सहा चकत्या, मधली तेवढी पांढरी, पायाशी दोन पॅडल, आणि एक वायर टॅबला. चकतीवर मारलं की टॅबच्या पडद्यावर ठिपका उमटतो. ठेक्याच्या जागी उभी रेघ असते. ठिपका रेघेवर पडला तर बरोबर, डावीकडे पडला तर घाई, उजवीकडे पडला तर उशीर.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय? पायपुसणी वाळत घातलीत?"

ऑक्टोबरात बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून डावा हात जवळजवळ गेलाच. व्यायामवाल्या बाई म्हणतात, "चेंडू दाबून कंटाळलाय तो हात. त्याला त्याच्या आवडीचं काम द्या." शेजाऱ्यांच्या तक्रारींना कंटाळून खरे ड्रम्स नऊ वर्षांपूर्वीच विकले. हे रबर फक्त थपथपतं, आवाज कानात घालून ऐकायचा.

बघू.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बाबा बसले!

यंत्राबरोबर आलेलं नवं स्टूल पायानंच बाजूला सारलं. खोलीतून स्वतःचं जुनं आणलं, कातडं फाटलेलं. ड्रम्स गेले तरी ते स्टूल त्यांनी दिलं नव्हतं. त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही हा घरातला पहिला कायदा. धाकट्याला तर साधी काडीही धरू दिली नाही कधी. "हा बाजार नाही," एवढंच म्हणायचे.

डाव्या मनगटाला बाईंनी दिलेल्या पट्ट्यानं मी काडी बांधली. धाकट्यानं फोनवरून सांगितलं, "ताई, आधी ड्रम्सचा आवाज बंद ठेव. टॅबमधल्या ठेक्याच्या नुसत्या टकटकीवर वाजवू दे. पडद्यावर मोजमाप येईल." टकटक त्यानंच पाठवलेल्या छोट्या स्पीकरमधून येत होती.

बाबांनी उजव्या हातानं सुरुवात केली. खांदा हललाच नाही, फक्त मनगट. मी श्वास धरून बघत होते.

ठिपके पडले. सगळे रेघेच्या उजवीकडे. एकूण एक! वर आकडा आला. सेकंदाचे हजार भाग केले तर दोनशे दहा भाग उशीर.

बाबा थांबले. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

काड्या मांडीवर ठेवल्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

यंत्रावर चादर घातली आहे. त्यांनीच, एका हातानं.

जेवताना म्हणाले, "ड्रमरला चार अवयव लागतात. एक गेला, सोसलं. म्हटलं, ताल डोक्यात असतो, तो कुठे जातोय. तोही गेला."

मी म्हटलं, "यंत्र आहे हो ते बाबा."

"यंत्राला माझ्याशी काय वैर?"

दोघांचीही ताटं मी तशीच उचलली.

सोमवार, १० फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानाला सुट्टी. बाबा शेजारच्या काकांबरोबर व्यायामाला गेले आणि मी चादर काढली. का, ते माहीत नाही. उशीर म्हणजे काय ते बघायचं होतं बहुतेक. माझ्यासारखीला विचारा उशीर!

स्टुलावर बसायचं धाडस झालं नाही. घरात कुणी नसतानाही! उभ्यानंच काडी धरली आणि टकटकीवर मारत गेले. घाम फुटला. माझे ठिपके बाबांच्यासारखे एकाखाली एक नव्हते, थोडे विस्कटलेले होते. पण सगळे उजवीकडे.

आकडा दोनशे चौदा.

चादर होती तशी घातली. कोपरेसुद्धा तसेच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज दुकानात एका आजोबांना चष्मा लावून देताना हात मध्येच थांबला.

आमच्या डॉक्टरांची एक सवय आहे. दोन अगदी वेगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर एकसारखेच चुकले, की ते पुन्हा डोळे तपासत नाहीत. यंत्र तपासतात.

पन्नास वर्षं ठेका धरलेला माणूस आणि टाळीही न येणारी मी— आमचा उशीर एकच कसा?

आजोबा म्हणाले, "बाई, काडी कानावर ठेवा, डोळ्यात जातेय."

दुपारी धाकट्याला फोन केला. दोन्ही आकडे सांगितले. मग, "अगं ताई... तो स्पीकर बिनतारी आहे. टॅबमधून निघालेली टकटक त्याच्यातून बाहेर यायला वेळ लागतो. ऐकायलाच उशिरा येतं म्हटल्यावर मारणार उशिराच ना! दीडशहाणा मी, दुसरं काय. वायरवाले हेडफोन घे."

घेतले. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आधी ऐकूनच घेईनात. "बापाची समजूत घालायला यंत्राला खोटं पाडतेस."

"बाबा, मीही मारून पाहिलं. माझाही उशीर तेवढाच आला."

मान वर झाली. "माझ्या स्टुलावर बसलीस?"

"उभ्यानं मारलं."

स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "काढ ती चादर."

मी ड्रम्सचा आवाज सुरू केला, त्यांनी हेडफोन घातले. खोलीत फक्त रबराची थपथप. मी पडद्यापाशी. पहिला ठिपका रेघेवर. दुसरा रेघेवर. तिसरा, चौथा— जणू रेघ आधीपासून वाट बघत होती आणि ते एकेक येऊन बसत होते. आयुष्यभर मी हे ऐकलं होतं. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं! आत्तापर्यंत मला वाटायचं बाबा वाजवतात. ते वाजवत नाहीत. ते वेळ कापतात, शिंपी कापड कापतो तसे— खूण न करता, सरळ.

मग त्यांनी गंमत केली. वाजवता वाजवता मान झुकवून म्हणाले, "हे काढ आणि तू घाल." मी हेडफोन काढून माझ्या कानांवर लावले. टकटक आणि ड्रम्स आता माझ्या कानात. त्यांच्या कानात काही नाही. त्यांनी डोळे मिटले.

पूर्ण एक मिनिट. मी घड्याळ लावून पाहिलं. ठिपके रेघेवरच! दोनदा केसभर सरकले आणि आपणहून परत आले. माझ्या कानात अख्खं नाट्यगृह भरलं होतं, आणि समोर फाटक्या स्टुलावर एक म्हातारा माणूस रबरावर टकटक करत होता.

डावा हात मात्र कुठेही पडत होता. ते ठिपके त्यांनी पाहिले नाहीत. मी पाहिले.

रविवार, १६ फेब्रुवारी

धाकटा आला. अपराध्यासारखा, हातात मिठाई. बाबांनी खोका उघडला आणि म्हणाले, "ही वेळेवर आली. हिला वायर आहे वाटतं."

मग त्याला पकडून बसवलं. आवाजाला उशीर का होतो, कसा होतो, सगळं विचारून घेतलं आणि हसले. "यात नवीन काय? आम्हालाही पहिला धडा हाच होता. मोठ्या नाट्यगृहात मागून येणाऱ्या आवाजावर भरवसा ठेवायचा नाही. तो लांबून येतो. मागची भिंत नेहमी उशिराच बोल—"

थांबले.

माझ्याकडे वळले. "तालमीला तुम्ही कुठे बसायचात?"

"शेवटच्या रांगेत. हा रडायचा ना. आई दारापाशीच बसायची, बाहेर न्यायला सोपं म्हणून."

"आलं माझं नाव!" धाकटा म्हणाला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, खिशातून फोन काढून हिशोब करायला लागला. "किती लांब असेल, बाबा? पस्तीस मीटर? म्हणजे ड्रमचा आवाज ताईपर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग. तिची टाळी परत तुमच्यापर्यंत यायला आणखी दहावा. दोनशेच्या वर जातंय." आणि मोठ्यांदा, "अरेच्चा! ताई, तू म्हणजे बिनतारी स्पीकर होतीस!"

कुणी हसलं नाही.

बाबांनी उजवी काडी उचलली. टेबलावर ठेका धरला, अगदी साधा. म्हणाले, "वाजव."

माझे हात मांडीवर. जड, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"वाजव गं."

वाजवली. दोन हातांच्या अंतरावर बसून मी वाजवली, मध्ये नाट्यगृह नव्हतं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. किती वेळ, माहीत नाही. मग ठेका थांबवला आणि काडी खाली ठेवली.

"चहा टाक," म्हणाले.

इतकंच. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि रडून घेतलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तळहात अजून लाल आहेत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रोज सकाळी तासभर बसतात. उजवा हात आणि दोन्ही पाय— बघत राहावं! तीन वेगळी माणसं एकमेकांकडे न बघता बोलतायत आणि एकाचंही दुसऱ्यावर पडत नाही. मी चष्मे पुसायचं फडकं हातात घेऊन उभी राहते, दुकानाची वेळ टळते.

मधल्या पांढऱ्या चकतीवरचे बोल डाव्याचे. तिथे रेघ रिकामी जाते. बाबा त्या जागी दरवेळी किंचित मान हलवतात. बोल मानेनं देतात.

माझ्या टाळीबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलंही नाही. पण हल्ली मान हलली की माझी बोटं फडक्यावर पडतात. बरोबर तिथेच.

सोमवार, ३ मार्च

व्यायामवाल्या बाईंनी मला बाजूला बोलावून सांगायचं ठरवलं होतं. बाबांनी होऊ दिलं नाही. "माझा हात आहे, माझ्यासमोर बोला." त्या बोलल्या. डावा आता इतकाच. कप धरेल, बटण लावेल. काडी नाही.

घरी आल्यावर बाबांनी मनगटाचा पट्टा सोडला, घडी केली, माझ्या हातात दिला. मग स्टुलावर बसून तीनच अवयवांनी वाजवलं. मान हलवत.

उद्या सकाळी विचारणार आहे. नाहीच म्हणतील, मला माहीत आहे. हा बाजार नाही, म्हणतील. तरी विचारणार.

बाबा, स्टुलावर बसणार नाही. तुमच्या डाव्या बाजूला उभी राहीन. तेवढी पांढरी चकती मी वाजवू?