न फाटणारी ताडपत्री

बल्लारपूर
१० जून २०२४

ती. नूतनताईस धम्मदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

गावात रेंज नाही म्हणून पत्रं लिहावी लागतात, आणि तू मात्र अंगणवाडीच्या रिपोर्टसारखं चार ओळींत आटोपतेस. आईची तब्येत कशी आहे ते नीट कळव.

आमच्या कारखान्यातली बातमी ऐक. मातीत कुजणारं आमचं प्लास्टिक आधी पापडासारखं तडकायचं. आता आम्ही त्यात झाडांचा टाकाऊ माल मिसळतो, बांबूचा भुसा आणि आणखी एक चोथा. तो कशाचा ते विचारू नकोस, मालकांनी घरीसुद्धा सांगायची मनाई केली आहे. पण दोघांनी दोन टोकं धरून ओढलं तरी फाटत नाही! नमुन्याची ताडपत्री पाठवतोय, आईच्या खोलीच्या गळक्या छपरावर टाक. माझ्या हातची आहे हे तिला आठवणीनं सांग.

भांडलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा,
धम्मदीप

ता. कुरखेडा
२८ जून

चि. धम्मदीपास ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

ताडपत्री पोचली, गळती थांबली. आई अख्ख्या मोहल्ल्याला बोलावून दाखवते. ऊन तापलं की मात्र ताडपत्रीला गोडसर वास सुटतो. आईनं एकदा विचारलंसुद्धा, की घरात कोणी मोहाची दारू गाळून राह्यलं का. मी पोट धरून हसले.

आता हसू येत नाही. हत्तींचा कळप नदी ओलांडून आपल्या बाजूला आलाय. वनरक्षक घरोघर बजावून गेले, की मोहफुलं घरात ठेवू नका, वासावर हत्ती भिंती पाडतात. आईनं त्याच दिवशी सगळी फुलं विकून टाकली. तरी गुरुवारी पहाटे एक हत्ती शेजारच्या मुखरूभाऊंची धानाची कोठी सोडून सरळ आपल्या भिंतीशी आला. आई आत झोपलेली, आणि तो वर सोंडेनं छप्पर चाचपत होता. लोकांनी डबे बडवले तेव्हा गेला, जाताना दोन वासे मोडून. ताडपत्री तेवढी शाबूत राहिली. मुखरूभाऊ विचारत होते, की हत्तीले तुमचंच घर काऊन दिसलं. आई म्हणते, की माह्या पोराच्या ताडपत्रीनंच वाचवलं. मला फार भीती वाटते रे.

आमची आठवण ठेव, लवकर ये.

तुझी ताई,
नूतन

बल्लारपूर
४ जुलै

ती. ताईस जयभीम.

आधी ताडपत्री उतरव, मग पुढचं वाच. तो दुसरा चोथा मोहाचा आहे. मोहाचं सरबत करणाऱ्यांकडून उरलेला माल आम्ही आणतो. नोकरीच्या भीतीनं मी तुझ्यापासून लपवलं आणि आईच्या डोक्यावर मोह अंथरला. आज तुझं पत्र मिळालं आणि हत्ती कशाच्या वासानं आला ते कळलं.

जाळू नकोस, धुरानं वास पसरेल. गावाबाहेर खोल पुरून टाक. बारीक तुकडासुद्धा घरात नको. मुखरूभाऊंना फोन लावून पाहिला, पण गावात रेंज नाहीच. आपल्या गावचे दसरूमामा आत्ता इथून तिकडे निघताहेत, म्हणून चिठ्ठी त्यांच्या हाती देतोय. मी उद्या पहिल्या गाडीनं निघतो.

हवं तेवढं रागाव, पण आईला सांभाळ.

धम्मदीप

५ जुलै, दुपार

चि. धम्मदीप, आशीर्वाद.

तू येशील तेव्हा घरी कोणी नसेल, म्हणून हे शेजारच्या मीराबाईंकडे ठेवते. दसरूमामा आत्ताच पोचले. ताडपत्री उतरवली, मुखरूभाऊ ती पुरायला गेलेत. तुझ्यावर रागवायला सवड नाही, आणि रागही नाही.

पण उतरवल्यावर दिसलं, की मागच्या लोंबत्या बाजूनं चांगली दोन हात कापलेली आहे. मीराबाई म्हणाल्या, की आईनं त्या तुकड्याची धानाच्या रोवणीत पावसात डोक्यावरून घ्यायला खोळ शिवली. त्यांनी स्वतःची जुनी देऊ केली, तर म्हणाली, की माह्या लेकराच्या हातची हाय, मी हेच घालतो. सकाळी तीच डोक्यावर घेऊन नाल्यापलीकडच्या धानाच्या बांधीत गेली.

हत्ती नाल्याकडे वळले म्हणून मघाशी वनरक्षकांनी शेतं रिकामी करायला लावली. बाकीच्या बाया परतल्या, आई नाही आली. त्या सांगतात, की उरलेली रोपं लावून येतो म्हणाली, पाऊस असला तं का झालं, मी काई भिजून नाई राह्यलो.

मी निघते. तूही घरी थांबू नकोस, नाल्याच्या वाटेनंच ये. आई दिसली की लांबूनच हाक मार आणि ती खोळ फेकून द्यायला सांग. माझ्या सांगण्यानं ती काढायची नाही. तुझंच ऐकेल.

ताई