आजोबांकडून आलेली पोल्स्का

मी, हाल्वार बाक्का, वय एक्क्याऐंशी, राहणार नोरबीन, डालार्ना, हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं लिहितोय. डोकं ठीक आहे. डाव्या हाताची करंगळी ऐकत नाही, पण मृत्युपत्राला ती लागत नाही. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. आधीचं एकही नाही, पण असं लिहायचं असतं म्हणे.

१. घर, होडी आणि बँकेत असेल ते मुलगी मारितला. होडी गळते. मारित म्हणते, "बाबा, ती तुझ्याबरोबरच पुरू." तसं करू नये. खड्डा फार मोठा लागेल.

२. गावच्या वादकमंडळाला माझं नोटेशनचं स्टँड. खुर्ची नाही. आमच्या पोल्स्कात, म्हणजे जोडीनं नाचायच्या धुनेत, तीन ठोके, त्यातला दुसरा लांब. नाचणारी जोडी त्याच्यावरच गिरकी घेते. चौदा व्हायोलिनं एकत्र वाजावीत म्हणून आमचा प्रमुख स्टेलान यानं तिन्ही ठोके सारखे कापले. मी विचारलं, "यावर कुणी वळायचं कसं?" तो म्हणाला, "हाल्वार, लोक आता बसून ऐकतात." म्हणून खुर्ची नाही.

३. व्हायोलिन, गज आणि राळेचा डबा. याआधी एक कबुली द्यावी लागेल.

आमच्यात वाजवण्याआधी, धून कुणाकडून शिकलो त्याचं नाव घेतात. न घेता वाजवणं म्हणजे बूट घालून पलंगावर चढणं. माझी सगळ्यात गाजलेली पोल्स्का मी एक्केचाळीस वर्षं "आजोबांकडून" म्हणून वाजवली. आजोबा फक्त हार्मोनियम वाजवायचे, तेही चर्चमध्ये. कुणी विचारलं नाही.

ती धून तळ्यापलीकडच्या गुनबोर्ग हेडची. १९८३च्या उन्हाळ्यात तिच्या डोंगरावरच्या गोठ्याचं छत मी दुरुस्त करत होतो. खाली पायरीवर बसून ती तीन दुपारी व्हायोलिनवर हीच धून वाजवत होती. तिसऱ्या दुपारी तिनं वर बघून विचारलं, "ठोकायचं थांबलास का रे?"

मी म्हणालो, "खिळे संपले."

खिळे भरपूर होते.

शरदात रेडिओवाले आले. मी तीच वाजवली आणि आजोबांचं नाव सांगितलं. गुनबोर्गनं ते ऐकलं. भांडली नाही. फक्त तेव्हापासून नाचाच्या कार्यक्रमात माझी पाळी आली की ती कोट घालून निघते.

तर, ही पोल्स्का यापुढे "गुनबोर्गकडून" अशीच सांगावी. व्हायोलिन तिला. माझ्या अंत्यविधीला तिनंच ती वाजवावी, ही विनंती. हक्क मी १९८३ साली घालवला.

४. हे कलम गुरुवारी वाढवलं. सहीला साक्षीदार म्हणून मी गुनबोर्गलाच बोलावलं होतं. साक्षीदारानं आतलं वाचायची गरज नसते. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. कॉफी गार झाली.

"म्हणजे खिळे होते," ती म्हणाली.

"होते."

"दुसऱ्या भागात तू एक जास्तीचा ठोका घालतोस. तो माझा नाही. रेडिओसमोर घाबरून अडखळलास तू. आता अख्खं गाव तिथं टाच आपटतं. तुमच्या स्टेलाननं सगळं कापलं, तेवढं ठेवलं. म्हणे परंपरा. त्याला माझं नाव लावशील तर बघ."

"काढून टाकायला सांगू?"

"आणि नाचणाऱ्यांनी काय करायचं? पाय हवेत ठेवायचा?"

मी पेन खाली ठेवलं. विचारलं, "अंत्यविधीला वाजवशील?"

"कधी आहे?"

"अजून ठरलं नाही."

"मंगळवारी मला जमत नाही."

जिला काही मिळणार तिला साक्षीदार होता येत नाही. तसं सांगितल्यावर ती शेजाऱ्यांना आणायला गेली. ती परत येईपर्यंत शेवटचं लिहून टाकतो. वाजवण्याआधी एवढंच म्हणावं, अक्षर न बदलता:

"पोल्स्का, गुनबोर्गकडून. जास्तीचा ठोका, हाल्वारकडून."

मंगळवार टाळावा.

सही: हाल्वार बाक्का
नोरबीन, १४ नोव्हेंबर २०२४

आम्ही दोघं एकाच वेळी हजर होतो. हाल्वारनं आमच्यासमोर, शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली न येता सही केली. गुनबोर्ग दारात उभी होती.

साक्षीदार: ओलोव लिंड, शेजारी
साक्षीदार: शेर्स्टिन लिंड, त्याची बायको