भट्टीचा काही दोष नव्हता

प्रिय मुंगी,

तुझा नवा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. देताना तिने दोनदा विचारलं, कशाला हवाय. पत्र लिहायचंय म्हटलं, तर म्हणाली, मग फोन कशाला असतो. फोनवर मी तीन वाक्यांपुढे जात नाही हे तिला चाळीस वर्षं माहीत आहे, म्हणून तिने फार ताणलं नाही.

बातमी एवढीच की येत्या मंगळवारी सकाळी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डावा तुला माहीतच आहे, जन्मापासून नुसता शोभेला ठेवलेला. त्याला खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीबाहेर काय आहे ते कळत नाही. सगळा कारभार उजव्याचा आणि हत्यार लागणार तेही उजव्यालाच. बाकीचे लोक एक डोळा करून बघतात, बरा झाला तर दुसरा करतात. मला ती सोय नाही. म्हणून तर इतके दिवस करू की नको चाललं होतं. आता करायचं ठरलं आहे.

सुरुवात डोकेदुखीपासून झाली, तुझ्यासमोरच. भुवयांच्या मधोमध, दुपारी चारच्या सुमाराला, दाताची पाचवी-सहावी कॅप हातात असताना. तेव्हा ज्याला त्याला मी एकेक औषध सांगण्याची संधी दिली. खालची शिंपीणबाई म्हणाली, उशी बदला. दातांचे साचे घेऊन येणारे काका म्हणाले, चहा सोडा, आणि स्वतः दुसरा कप मागितला. तुझ्या आईच्या मते लग्न केलं नाही म्हणून डोकं दुखतं. माझे गुडघेही तिच्या मते त्याच कारणाने दुखतात. तू म्हणालीस, मावशी, डोळे तपासून घे. मी तुला लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस म्हणाले आणि टेबलावर एक दिवा वाढवला. मग दुसरा. मग तो लांब मानेचा तिसरा, ज्याच्या उजेडात समोरचं सगळं पांढरंफटक व्हायचं आणि डोकं जास्तच ठणकायचं. साचेवाले काका हसले होते त्या दिव्यांना. मी म्हटलं होतं, हसतील त्यांचे दात दिसतील, आणि दात दिसले तर आपलाच धंदा.

शेवटी एकदा गेले डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सडपातळ माणूस, सामानाची यादी वाचल्यासारखा बोलतो. मी कृत्रिम दात करते म्हटल्यावर त्यांनी तोंड मिटलं, सगळेच मिटतात. मग म्हणाले, डोकं मोतीबिंदूने दुखत नाही. नीट दिसत नाही म्हणून तुम्ही दिवसभर कपाळ आवळून आणि डोळे ताणून बघता, दुखणं त्या ताणाचं आहे. चष्म्याने भागायचं नाही. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय, ते काढून नवं बसवावं लागेल. धोका कितपत, असं विचारलं. कमी आहे, पण शून्य नाही, म्हणाले. एकच डोळा असणाऱ्याने कमी कशाला म्हणायचं ते स्वतः ठरवावं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, असंही विचारलं. ते म्हणाले, मला दोन आहेत. माणूस खोटं बोलत नाही, एवढी माझी खात्री पटली. घरी येऊन मी तुला सांगितलं की नंबर बदललाय.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते, नाहीतर माझ्याकडून मधलं काहीतरी गाळलं जाईल. तू दातांच्या कॅपवर पावडरीचे थर चढवायचीस आणि भट्टीत भाजायचीस. शेवटचा रंगाचा हात माझा. त्या माणसाच्या शेजारच्या दाताशी जुळेल इतका पिवळा, इतका करडा, मग पुन्हा भट्टी आणि चकाकी. तीस वर्षं तो हात माझाच होता आणि एकही कॅप रंगासाठी परत आली नव्हती. मग एक आली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लावली होती, जरा पिवळी वाटते. पुढच्या महिन्यात दुसरी, मग तिसरी. मी म्हटलं, भट्टीत जास्त वेळ राहिल्या. तू भट्टीची वही आणून दाखवलीस, मिनिटं आणि तापमान ओळीने लिहिलेली. मी वही न उघडता म्हटलं, कागदाला काय, आपण लिहू ते तो दाखवतो. मावशी, खिडकीपाशी येऊन बघ, असं तू एकदाच म्हणालीस.

त्यानंतरचे पाच महिने एकही कॅप परत आली नाही. मी तुला म्हटलं, बघ, भट्टीवर लक्ष ठेवलं की कसं सगळं ताळ्यावर येतं. तू हो म्हणालीस. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला की तुमच्या हाताला तोड नाही. मी ऑपरेशनचा विचार बासनात गुंडाळून ठेवला. चांगलं चाललेलं असताना एकुलत्या एका डोळ्यात कोण सुरी घालून घेईल.

मग तुला ताप आला आणि तू आठवडाभर घरी राहिलीस. त्या आठवड्यात दोनच कॅप गेल्या आणि दोन्ही परत आल्या. या वेळी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, दोन्ही कॅप टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, हे काय. तापानंतरचा तुझा कामावरचा पहिला दिवस होता, गळ्याला मफलर होता. तू नसताना झालेल्या त्या कॅप आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं आणि तुला होतं. मी म्हटलं, भट्टी हिच्याकडे असते, हिला अजून रंग कळत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, मग त्यांच्याकडे.  कुंचला धुतलास, पुसलास, उभा ठेवलास, ॲप्रन काढलास आणि जिना उतरलीस. मला वाटलं, चहा प्यायला गेली.

त्याला आता अकरा महिने झाले. तू गेल्यानंतर कॅप परत यायला लागल्या त्या थांबेनात. मी भट्टी तपासायला माणूस बोलावला. त्याने दोन तास खटपट केली, भट्टीत काही दोष नाही असं लिहून दिलं आणि जाता जाता विचारलं, रंग कोण लावतं. मी म्हटलं, बघू.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी एका न्हाव्यालाच माझ्याकडे पाठवलं, म्हणजे समोर बसवून रंग जुळवता येईल. वरचा पुढचा दात, तिसऱ्यांदा करायचा. सभ्य माणूस. म्हणाला, बाई, दुसऱ्या कोणाचं असतं तर चाललं असतं, पण माझं सगळं आयुष्य आरशासमोर जातं. गिऱ्हाईक मान खाली घालून बसतं आणि मी दिवसभर स्वतःचा दात बघतो. बायको म्हणते, तू हल्ली हसत नाहीस. मी त्याला खिडकीपाशी बसवलं आणि हसायला सांगितलं. त्याचा स्वतःचा दात आणि मी केलेला दात मला एकसारखे दिसले. मी त्याच्या तोंडात जवळजवळ शिरले तरी एकसारखेच. कसा वाटतो तुम्हाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, थोडा फरक आहे. कुठल्या बाजूला फरक आहे, जास्त की कमी, ते मी त्यालाच विचारून घेतलं, आडून आडून. जिभेची चव गेली की स्वयंपाकात मीठ जास्त पडतं, तसं माझं झालं होतं. पिवळा दिसत नाही म्हणून मी आणखी पिवळा लावत होते. त्याची कॅप मी केली नाही. दुसऱ्या लॅबचा पत्ता दिला, दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घालायचेत, घरी कोण आहे. शिंपीणबाई घालणार आहे. तिचा हात स्थिर आहे, पण जीभ नाही, म्हणजे महिन्याभरात साऱ्या गल्लीचा इतिहास मला पाठ होईल. काम बंद ठेवलंय. हातातल्या दहा कॅप दुसरीकडे दिल्या. रिकामं बसायची सवय नाही, म्हणून परवा सगळे कुंचले धुतले, ते आधीच धुतलेले होते.

आता जे क्रमाने लिहिताना मी गाळलं, ते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा गेले ती तू जायच्या नऊ महिने आधी. मोतीबिंदूत पिवळा आणि निळा नीट कळत नाही, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, मी न विचारता. म्हणजे पहिली कॅप परत आली तेव्हा कारण मला माहीत होतं. आणि दुसरं. त्या ताळ्यावरच्या पाच महिन्यांत एका सकाळी मी बाजाराच्या अर्ध्या वाटेवरून चष्मा विसरला म्हणून परत आले. दार उघडं होतं. तू खिडकीपाशी उभी राहून, कॅप भट्टीत जायच्या आधी, माझ्या हातचा रंग ओल्या कुंचल्याने पुसत होतीस आणि आपल्या हाताने पुन्हा लावत होतीस. एक झाली की दुसरी. चष्मा नव्हता तरी तेवढं दिसलं. मी जिना उतरले आणि चष्म्याशिवाय भाजी घेऊन आले. त्या दिवसापासून मी निर्धास्तपणे रंग लावत होते, तू पुसणार हे ठाऊक होतं म्हणून. तोड नसलेला हात तुझा होता. डॉक्टरीणबाईंनी हे काय असं विचारलं, तेव्हा मी घाबरले, कारण रंग कळत नाही म्हटल्यावर माझ्याकडे दुसरं काही उरत नव्हतं. म्हणून ते तुझ्या नावावर टाकलं. मला त्याची लाज वाटते, रोज वाटते.

हिला रंग कळत नाही हे वाक्य पुढे चार लॅबमध्ये पोचलं आणि तू आता नुसतं साच्यात प्लॅस्टर ओततेस, हे मला साचेवाल्या काकांकडून कळलं. काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं, चष्मा विसरलेल्या सकाळीसकट.  त्यांनी माझ्यासमोरच त्या लॅबना फोन लावले. तिघांनी उचलला, चौथ्याला आज लावणार आहेत. तुलाही फोन करतील. उचलायचा की नाही ते तू ठरव.

हे मंगळवारनंतरही सांगता आलं असतं. पण मंगळवारनंतर दोनच गोष्टी होऊ शकतात. डोळा गेला तर तुला रागावता येणार नाही, आंधळ्या मावशीवर कोण रागावतं. डोळा बरा झाला तर मी हेच सगळं मोठ्या मनाने, हसत हसत सांगेन आणि तुला ऐकून घ्यावं लागेल. दोन्हीकडून तुझा राग वाया जाणार. म्हणून आज, बुधवारी, लिहिलं. ये असं म्हणत नाही. जे बोलायचं असेल ते सोमवारपर्यंत पोचेल असं लिही, काही हातचं राखू नकोस. अक्षर मोठं काढ आणि शाई काळी घे. मला अजून वाचता येतं.

तुझीच,
मावशी