माय, तुझी नात मला पोकर शिकवते

माय, हे तू असताना सांगितलं असतं तर तू चुलीतलं लाकूडच उचललं असतंस, म्हणून आधीच सांगतो, पैसे लावलेले नाहीत. पैशाचं खेळणं आता बंदच आहे म्हणे. आम्ही खेळतो ते नुसत्या टिकल्यांवर, आणि त्याही मोबाइलच्या काचेवर दिसणाऱ्या; मोडायला गेलं तर त्यांचा अर्धा कप चहा येत नाही. खेळाचं नाव पोकर. तुझी नात मला शिकवते, आणि तिला शिकवतो व्हिडिओतला एक माणूस. तो हिंदीत बोलतो, खेळलेले डाव पुन्हा लावून दाखवतो आणि मधेच थांबवून विचारतो, "यहाँ आप क्या करते?" बियाण्याच्या कंपनीतून मी रिटायर झालो होतो, लेक घरी आली होती, आणि बदनापूरच्या आमच्या घरात दुपारची भांडी झाली की हे सुरू व्हायचं. तुझी सून म्हणायची, बाप रिकामा आणि लेक त्याहून रिकामी.

लेक रिकामी नव्हती खरं तर. साहेब व्हायच्या परीक्षा देत होती, आधी संभाजीनगरला खोली करून, मग पुण्यात. एकदा पहिली पायरी ओलांडली आणि दुसरीवर अडकली, त्यानंतर पहिलीच ओलांडेना. दर निकालानंतर ती घरी यायची आणि मी तिला तुझी गोष्ट सांगायचो: नापास होऊन घरी आलेल्या पोराला त्याच्या आईनं हाताला धरून कॉलेजात परत नेऊन सोडलं आणि तो पास झाला. ती ऐकायची, बॅग भरायची, जायची. मागच्या उन्हाळ्यात मात्र गादी-भांड्यांसकट सगळंच घेऊन आली. पुस्तकांची खोकी उघडलीच नाहीत. दिवसभर कानात वायर घालून मोबाइलकडं बघत बसायची. मला वाटलं, आजकाल अभ्यास असाच असेल. एक दिवस मागून डोकावलो, तर पडद्यावर बदामाची राणी.

माझं डोकं फिरलं. "पत्ते खेळून राह्यलीस? यासाठी धाडलं व्हतं का पुण्याला?" ती उठली नाही की रडली नाही. म्हणाली, "पैसे न्हाईत याच्यात, अण्णा. डोकं शांत राहतं माझं. बसा, बघा तरी." मी बसलो ते तिला पकडायला, आणि अडकलो मीच. प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच, ते थोडे थोडे उघडतात आणि दर वेळी ठरवायचं, टिकल्या टाकून पुढं जायचं की आपले पत्ते टाकून गप्प बसायचं. एवढाच खेळ. पण त्यातला हिशेब बघितला आणि मला आष्टीची आपली ओसरी आठवली.

वैशाखातल्या दुपारी तुमचा मेंढीकोट रंगायचा. तू, शेजारची काकू, मावशी, आणि चौथी कुणी आली नाही की मी. तुझा भिडू होणं म्हणजे शिक्षाच होती. कोणती दश्शी गेली, हुकमाची किती पानं उरली, कुणाकडं काय असेल, सगळं तुझ्या डोक्यात. हातानं मधेच लसूण सोलणं, तोंडानं गप्पा आणि डोळे पानांवर. मी चुकीचं पान टाकलं की तू काही बोलायची नाहीस, फक्त एक सुस्कारा सोडायचीस, आणि तो सुस्कारा मला संध्याकाळपर्यंत पुरायचा. एकदा माझ्या हातात एक एक्का नाही, एक हुकूम नाही. मी चिडून तेराच्या तेरा पानं खाली फेकली आणि उठलो. काकू हसली. तू पानं गोळा केलीस, नीट लावलीस, पुन्हा माझ्या हातात कोंबलीस. "वाटलेला डाव टाकून उठायचं न्हाई. बस. खेळ." आपल्यावर कोट चढला. हरल्यावर तू मला गूळ-शेंगदाणे दिलेस, ते आठवतं, आणि तुझ्या बोटांना लसणाचा वास होता, तोही आठवतो. काय दुपारी होत्या त्या! आजही कुठं पत्ते पिसल्याचा आवाज आला की माझे पाय तिकडं वळतात.

तर पोकरमध्ये माझं घोडं तिथंच अडलं. मला पत्ते टाकताच येईनात. मेंढीकोटात हाती आलेलं सगळं खेळावंच लागतं. इथं शहाणी माणसं बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडून देतात. मी राणी आणि सत्ती घेऊनसुद्धा शेवटपर्यंत जायचो आणि धुऊन निघायचो. मग पोरगी माझा डाव पुन्हा लावायची, व्हिडिओतल्या माणसासारखाच मधे थांबवायची आणि विचारायची, "इथं का सोडलं न्हाई, अण्णा?" मी म्हणायचो, "एवढ्या टिकल्या टाकल्यावर कसं उठायचं?" ती म्हणायची, "मधी पडलेल्या टिकल्या आता कुणाच्याच न्हाईत. इथून पुढं काय, तेवढंच बघायचं." एकदा हे बोलता बोलता ती थांबली, कप उचलले आणि धुवायला निघून गेली. मी तेव्हाही समजलो नाही. बियाण्याच्या प्रयोगशाळेत जन्म काढला, कोणता लॉट उगवेल आणि कोणता नाही ते अंकुर बघून सांगायचो, आणि घरातलं लेकरू दिसेना.

मग एका दुपारी मी अशाच भिकार पत्त्यांवर अडून बसलो आणि अगदी शेवटच्या पानावर जिंकलो. टेबलावर थाप मारली, तुझी सून बाहेरून धावत आली. पोरगी म्हणाली, "जिंकलात, पण चुकीचं खेळलात." मला राग आला. जिंकल्यावर चुकीचं कसं? मी पुन्हा तुझी गोष्ट काढली. म्हटलं, तुझ्या आजीनं मला परत नेलं नसतं तर मी आज कुठं असतो? तिनं मोबाइल पालथा ठेवला. व्हिडिओतल्या माणसाची रीत अशी आहे की शेवटी कोण जिंकलं ते झाकायचं, पहिल्या पानापासून निघायचं आणि दर ठिकाणी विचारायचं, त्या घडीला खेळणाऱ्याला काय माहीत होतं. ती म्हणाली, "तुमी पास झालात ते ठेवा बाजूला. आजीला तवा काय माहीत व्हतं?"

मी सांगायला लागलो. मी दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा नापास होऊन पेटीसकट आष्टीला आलो होतो. तू भाकरी थापत होतीस. मी म्हणालो, आता जात नाही. सकाळी तू पेटी उचललीस आणि म्हणालीस, चल. परतूरपर्यंत एसटी, तिथून रेल्वेनं जालना. इथपर्यंत मी नेहमी सांगायचो आणि इथून उडी मारून थेट निकालाच्या पेढ्यांवर यायचो. पोरगी म्हणाली, "आन मधलं?"

मधलं मला आठवत होतं, माय. सांगत नव्हतो एवढंच. तू मला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर उभं केलंस आणि पदर सावरत आत गेलीस. सर काचेच्या नळ्या धूत होते. तू त्यांना विचारलंस, "सर, याच्यात काई हाय का? नसंल तर आजच सांगा. मी याला असाच घरी घेऊन जाते. मागून सांगू नका." मी दाराआड मेल्याहून मेल्यासारखा झालो. आपल्या आईनं परक्या माणसाला असं विचारावं? तो अपमान मी गोष्टीतून कायमचा काढून टाकला होता. सर म्हणाले, याच्या हाताला सगळं येतं, लिहायला बसला की घाबरतो. तू म्हणालीस, "मंग भीतीचं मी बघते." आणि बघितलंस. दर शनिवारी मी घरी आलो की चुलीपुढं बसवून तू मला उत्तरं लिहायला लावायचीस. तुला अक्षर कळत नव्हतं. माझा हात थांबतो का, तेवढं बघायचीस. म्हणजे त्या दिवशी तू हट्टानं आली नव्हतीस. पेटी घेऊन परत फिरायची तुझी पुरती तयारी होती. ओसरीवरचं तुझं वाक्य मी जन्मभर धरून ठेवलं आणि ही तयारी सोडून दिली.

मला विचारायला कुणी सर नव्हते, तिलाच विचारायचं होतं. म्हटलं, "बाळा, याच्यात तुझं काई हाय का? नसंल तर आजच सांग. मी काई म्हणणार न्हाई." ती बराच वेळ टेबलाची कड नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "न्हाई, अण्णा. लई दिवसांपासून न्हाई. तुमी आजीची गोष्ट सांगायचात, मंग मला न्हाई म्हणता येत नव्हतं." मला रडू आलं, तिच्यासमोरच. तिनं माझा चष्मा काढून पुसून दिला. त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. तुझ्या सुनेनं दोनदा जाऊन बघितलं, पोरीला बरं नाही की काय म्हणून.

आता ती सकाळच्या रेल्वेनं जालन्याला जाते, एमआयडीसीत, एका कंपनीच्या ऑफिसात. धुळीबद्दल कुरकुर करते, डब्यातल्या भाजीबद्दल कुरकुर करते, पण हसते. गावात कुणी विचारलं, "पोरगी साहेब व्हणार व्हती ना?" तर मी मोठ्यानं सांगतो, सोडलं तिनं. रविवारी आम्ही अजून डाव लावतो. मी पत्ते टाकायला शिकलोय, बऱ्यापैकी.

एक गोष्ट राहिली. व्हिडिओतला तो माणूस बजावून सांगतो की एकदा पत्ते टाकले की पुढचं पान काय निघालं असतं ते उघडून बघू नका; त्यानं शहाणपण येत नाही, नुसती जळजळ होते. गेल्या महिन्यात ती परीक्षा पुन्हा झाली. पोरगी बसली नव्हती, त्या दिवशी केस धुऊन उन्हात बसली होती. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी मोबाइलवर तो पेपर शोधला आणि सगळा वाचला. सुट्टीत घरी आली की मीच तिला प्रश्न विचारायचो, म्हणून तिला काय येतं ते मला ठाऊक आहे. एकामागून एक तिला येणारेच प्रश्न निघत गेले. या खेपेला तिला जमलं असतं, माय. सोडलं ते बरोबरच सोडलं, हे मी आजही म्हणतो, आणि छातीवर हात ठेवून म्हणतो. पण बघायचं नव्हतं, ते मी बघितलं. तिला सांगितलेलं नाही. तुझ्या सुनेलाही नाही. आणि खरं सांगू, तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.