वडिलांचा चेहरा फलकावरून उतरवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
हृदयप्रदेश गौरव कार्यालय, राजधानी.

विषय: माझ्या वडिलांचे छायाचित्र असलेले फलक उतरवण्याबाबत.
संदर्भ: नव्या फलकासाठी वडिलांनी हजर राहावे, असे आपले दि. ३ मार्चचे पत्र.

महोदय,

१. मी शिवणकाम करते. माझे वडील वीज खात्यात लाइनमन होते. तीन वर्षांपूर्वी आपली माणसे गावात आली, हा भाग म्हणजे देशाचे हृदय आहे असे म्हणाली आणि वडिलांना खांबाला टेकवून त्यांचा फोटो काढला. खाली छापले, 'देश इथे राहतो.' त्यानंतर कितीतरी दिवस वडील रोज दाढी करत होते.

२. पुढे त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. हृदयप्रदेशासाठी डायलिसिसचे यंत्र मंजूर झाल्याचे वाचून मी गावच्या दवाखान्यात गेले, तर यंत्र राजधानीत बसवलेले. आपल्या कार्यालयात विचारले, तेव्हा साहाय्यक दात कोरत म्हणाले, "ताई, हृदयप्रदेश म्हणजे काही जागा नव्हे, वृत्ती आहे. ती इथेही आहेच की."

३. त्या वृत्तीपर्यंत मी वडिलांना आठवड्यातून दोनदा बसने नेत होते. जाऊन-येऊन अकरा तास. दि. १९ फेब्रुवारीला रुग्णालयाच्या खिडकीवरील बाईंनी पत्ता पाहून सांगितले, "आज एकच यंत्र चालू आहे. आधी शहरातले." त्यांच्या मागे भिंतीवर वडिलांचाच फलक होता. मी बोट दाखवले. बाईंनी फलक पाहिला, वडिलांना पाहिले आणि म्हणाल्या, "ते वेगळे. हे किती सुजलेत."

परतताना वडील म्हणाले, "पोरी, मला तिथे परत नेऊ नकोस. किळस आली." आम्ही सर्वांनी हातापाया पडून पाहिले. ते बसला जायला उठलेच नाहीत. नवव्या दिवशी गेले.

४. त्यानंतर आपले पत्र आले. त्यात 'स्वच्छ शर्ट घालून यावे, चेहऱ्यावर समाधान असावे' असे लिहिले आहे. आईने ते मला दोनदा वाचायला लावले आणि उठून हात धुऊन आली.

५. हृदयप्रदेश हा प्रदेश की वृत्ती, हे आपण खुशाल ठरवत बसावे. मला यंत्र नको, दिलगिरीही नको. रुग्णालयातला, बसस्थानकावरचा आणि आपल्या दारातला, असे तिन्ही फलक येत्या सोमवारपर्यंत उतरवावेत. न उतरवल्यास मी व माझा भाऊ फलकांना फासायला काळ्या रंगाचा डबा घेऊन कार्यालयीन वेळेत हजर होऊ. चोरून येणार नाही, म्हणून आधी कळवत आहे.

नम्रतेची सवय अजून न सुटलेली,
(सही)
लाइनमनची थोरली मुलगी
दि. १२ मार्च

सोबत: १) मृत्यूचा दाखला. २) आपले पत्र, परत.