तिसऱ्या दिवशी

बुधवार, १८ जून

पडेगावच्या दगडाबाईंचा फोन— "भाऊ, तुमच्या मेसेजनं उद्याची पाळी सांगितली हो! मालकाला आत्ताच लई दम लागलाय." त्यांच्या बोलण्यामागं त्यांच्या नवऱ्याचा, साहेबरावांचा श्वास ऐकू येत होता. फाटक्या भात्यासारखा. सोमवारी डायलिसिस झालं की पुढचं बुधवारी. वर्षभर आमचं सॉफ्टवेअर बिनचूक आठवण देतंय. आणि आज म्हणे गुरुवार!

गाडी काढली. स्वतः नेऊन दाखल केलं. आजच्या पाळीचे आणखी अकरा जण होते. सगळ्यांना गुरुवारचाच मेसेज गेलेला! एकेकाला फोन करून पाठवलं.

गुरुवार, १९ जून

साहेबराव अजून ऑक्सिजनवर.

उस्मानपुऱ्याच्या ऑफिसात मृण्मयीला धरलं. प्रोग्रॅम तिचा. "ज्या बाहेरच्यांच्या फ्रेमवर्कवर उभा केलास ते स्टेबल आहे म्हणाली होतीस ना?"

"आहेच की सर. कुठं बंद पडलं?"

मी थक्क! मी समजत होतो, स्टेबल म्हणजे बदलणार नाही. तिच्या लेखी, कोसळणार नाही. वर्षभर एकच शब्द बोललो दोघं! टीव्ही दुरुस्त करायचो तेव्हा नुसत्या आवाजावरून बिघाड कळायचा मला. हा नाय कळला.

"ते अजून बनतंच आहे, सर. आपण 'तीन' दिलेत, तिसऱ्या दिवशी म्हणून. आधी ते पहिला दिवस धरून मोजायचं— सोम, मंगळ, बुध. नव्या आवृत्तीत पहिला सोडून मोजतं. ती मी सोमवारी चढवली."

आपल्यात तिसरा दिवस पहिला धरूनच तर मोजतात! "चांगलं चाललेलं बदलायला कुणी सांगितलं होतं त्यांना?" ओरडलोच पोरीवर. पहिल्यांदा. रडली.

शुक्रवार, २० जून

साहेबराव बोलले! "काय शेठ, तुमचं कॉम्प्युटर दिवस खातं व्हय?" हसलो. दगडाबाई हात जोडायला लागल्या— "तुम्ही धावलात म्हणून..." पुढचं ऐकवेना.

शनिवार, २१ जून

मृण्मयीनं कागद पुढं ठेवला. फ्रेमवर्कवाल्यांनी काय काय बदललं त्याची यादी. 'दिवस मोजण्यातली चूक दुरुस्त. कळवणाऱ्याचे आभार.' सोबत मूळ तक्रार, मार्चमधली. त्याच फ्रेमवर्कवरचं सोसायटीचं ॲप नळाला तीन दिवसांनी येणारं पाणी एक दिवस आधीच दाखवतं, म्हणून कुणीतरी चांगलीच झाडलेली.

खाली नाव माझं.